रूथ मॅडमचा दुसरा प्रश्न

गुन्हेगाराच्या मनाचा तळ गाठणारे जे मोजके अधिकारी आपल्या पोलीस खात्याने घडवले, त्यांत रूथ मॅडमचं नाव अग्रक्रमाने घ्यावं लागेल.

हे वाक्य मी त्यांच्या निरोप समारंभासाठी लिहून ठेवलं होतं. समारंभ झाला नाही, त्यामुळे वाक्य माझ्याकडेच राहिलं. एका परीने बरं झालं, कारण ते खरं नव्हतं. खात्याने मॅडमना घडवलं वगैरे काही नव्हतं. त्यांचा डावा गुडघा दुखायचा, बंदोबस्ताला उभं राहवत नसे, आणि सायबर कक्षाच्या दोन खोल्या तळमजल्यावर होत्या. म्हणून खात्याने त्यांना तिथे बसवलं. संगणकाचं ज्ञान किती, या प्रश्नाला त्यांनी ‘मराठी टायपिंग’ असं उत्तर दिलं होतं. ते अर्ज केलेल्या सगळ्यांत जास्त निघालं.

ठाणं कुठलं ते सांगत नाही. नंदुरबार जिल्ह्यातलं, आणि तळोद्याहून जीपने जाता येतं, एवढं पुरे. मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो. बातमी मिळो न मिळो, त्या खोलीत चहा मिळायचा. बिनदुधाचा, गूळ घातलेला. मॅडम नवापूरकडच्या डोंगरातल्या, ख्रिस्ती शेतकरी घरातल्या. पोलिसात येण्याआधी काही वर्षं आश्रमशाळेत शिकवत होत्या, आणि ते त्यांच्या अंगातून कधी गेलं नाही. चष्मा दोऱ्याने गळ्यात. आरोपी समोर आला की आधी त्याला खुर्ची सरळ करायला लावायच्या. सर्व्हर बंद पडला की हळू आवाजात प्रार्थनागीत म्हणायच्या. सर्व्हर बऱ्याचदा बंद असायचा, त्यामुळे ठाण्यातल्या हिंदू शिपायांनाही ती गीतं पाठ झाली होती.

त्यांच्या खोलीत वरून आलेलं एक पोस्टर होतं. अंधार, त्यात स्वेटरची टोपी डोक्यावर ओढलेला एक माणूस, चेहरा नाही, मागे हिरवे आकडे. खाली ‘सावध राहा’. मॅडमनी ते कपाटाच्या मागच्या बाजूला लावलं होतं.

“हा माणूस मला अजून भेटलेला नाही,” त्या म्हणायच्या. “तळोद्याच्या उन्हात असला स्वेटर कोण घालेल?”

पकडून आणलेल्या प्रत्येकाला त्या दोन प्रश्न विचारायच्या. पहिला सगळेच पोलीस विचारतात, का केलंस? त्याचं उत्तर ठरलेलं असतं, पैशासाठी. बाकीचे तिथे थांबून लिहून घेतात. मॅडम पेन खाली ठेवायच्या आणि दुसरा प्रश्न विचारायच्या, “पैशाचं काय करणार होतास?”

मला सांगायचंय ते दित्याचं प्रकरण. पण या दुसऱ्या प्रश्नाची ताकद कळायला आधी घोडेवाला सांगायला हवा.

सारंगखेड्याच्या यात्रेच्या आधी एका माणसाने मोबाइलवर घोड्यांचे फोटो टाकले. घोडे उमदे, किंमत वाजवी, बुकिंगला थोडी रक्कम आगाऊ. पंजाबपासून कर्नाटकापर्यंतच्या शौकिनांनी ती पाठवली. यात्रा सुरू झाली तेव्हा तो फोनही बंद आणि घोडेही नाहीत. सगळे म्हणाले, माणूस दिल्लीला किंवा त्याच्याही पलीकडे बसलेला असणार. मॅडमनी त्याने गिऱ्हाइकांशी केलेलं बोलणं वाचून काढलं. एका गिऱ्हाइकाला त्याने घोड्याच्या खुरांबद्दल एवढं लांबलचक समजावलं होतं, की फसवायला त्यातलं काही लागत नव्हतं.

“हा घोडे बघायला येणार,” त्या म्हणाल्या, आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी यात्रेत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी एक मळक्या शर्टातला माणूस त्यांना दिसला. तो कुठल्याच घोड्याची किंमत विचारत नव्हता. नुसता एकेका घोड्यापुढे उभा राहत होता. मॅडम त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, “हाऊ घोडा तुन्हा शे का, भाऊ?”

तो न वळता म्हणाला, “नही ना, बाई. मन्हा एकबी नही शे.”

त्याचा बाप दुसऱ्यांच्या घोड्यांना खरारा करायचा, आणि तोही. ठाण्यात त्याला दुसरा प्रश्न विचारला गेला. पैसे त्याने जवळजवळ खर्चलेच नव्हते. तो म्हणाला, “लोके फोनवर माले शेठ म्हनेत, मॅडम. शेठ, घोडा कसा शे? तितलंच.”

मॅडमनी सगळी कलमं लावली. कमी एकही केलं नाही. फक्त नेताना शिपायाने त्याला “चल रे” म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, “चला म्हण. आज शेवटचं आहे त्याचं.”

याचा अर्थ त्यांना माणसं बिनचूक कळायची, असा नाही. सायबर सुरक्षा सप्ताहाला त्यांनी स्वतः निवडून एक पुरस्कारप्राप्त निवृत्त शिक्षक प्रमुख पाहुणे म्हणून आणले होते. त्यांनी ‘समाजमाध्यमांवरील संस्कार’ या विषयावर पाऊण तास भाषण केलं. मॅडमनी त्यांना शाल घातली. पुढे महिन्याभराने एक तक्रार तपासताना असं निघालं, की ‘स्वाती’ नावाने गावातल्या दुसऱ्या पुरस्कारप्राप्त शिक्षकाच्या प्रत्येक पोस्टखाली जे काही लिहिलं जात होतं, ते याच गुरुजींच्या घरून जात होतं. इथे पैशाचा संबंध नव्हता, म्हणून दुसरा प्रश्न चालेना. गुरुजींनीच उत्तर दिलं, “माझ्या नावाने लिहिलं की कोणी वाचत नाही हो.”

“स्वातीचं आम्ही सगळं वाचलं, सर,” मॅडम म्हणाल्या. “छापूनसुद्धा ठेवलंय.”

शाल परत मागायची का, यावर ठाण्यात दोन मतं होती.

आता दित्या. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा, तिशीतला पावरा गडी. बायको, दोन पोरं, थोडी डोंगरउताराची जमीन. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत. अकोल्याच्या शैलाताई नावाच्या एका निवृत्त परिचारिकेला कोणीतरी फोनवर पोलिसांचा गणवेश दाखवून, तुम्हाला अटक झाली आहे, खोलीबाहेर पडायचं नाही, असं सांगून तिची आयुष्यभराची पुंजी काढून घेतली होती. त्यातला मोठा हिस्सा दित्याच्या बँक खात्यातून पुढे गेला होता. अकोल्याच्या तक्रारीचा धागा आमच्या जिल्ह्यात आला, आणि दित्याला उसाच्या फडातून उचलून आणलं.

ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी त्याच संध्याकाळी आम्हा वार्ताहरांना निवेदन दिलं. ‘आंतरराज्य सायबर टोळीचा म्होरक्या जेरबंद.’ फोटोसाठी दित्याच्या डोक्यावर काळा बुरखा चढवला. फोटो काढून झाल्यावर तो आतून म्हणाला, “साहेब, तू टोपी का घातली? मला थंडी नाही वाजत.”

त्याच्या घरच्या बोलीत कोणाला अहो-जाहो करत नाहीत. साहेबांनी कागदावर ‘आरोपी उद्धट आहे’ असं लिहिलं.

मॅडमनी दोन दिवस त्याला विचारून पाहिलं. खातं तुझं? हो. पैसे तू काढलेस? हो. टोळीत कोण कोण? हो. पोलिसाला हो म्हणायचं असतं, एवढंच त्याला कोणीतरी शिकवलं होतं. दुसरा प्रश्न विचारला तेव्हा मात्र तो गोंधळला.

“कोणते पैसे?” त्याने विचारलं.

मॅडमनी चष्मा काढून गळ्यात सोडला. त्या क्षणापासून त्यांच्या दृष्टीने दित्या म्होरक्या नव्हता. पण कागदावर होता. म्होरक्या म्हणूनच न्यायालयात गेला असता तर पोरं शाळेतून निघेपर्यंत घरी आला नसता. साक्षीदार म्हणून गेला तर सुटणार होता. त्यासाठी ज्याने त्याचं खातं घेतलं तो माणूस सापडायला हवा होता, आणि दित्या तर हो शिवाय काही बोलत नव्हता. मॅडम साहेबांकडे गेल्या.

“मॅडम, पेपरात आलंय,” साहेब म्हणाले. “आता तो म्होरक्या आहे.”

“साहेब, त्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे.”

“म्हणजे हुशार आहे.”

मॅडम परत येऊन प्रार्थनागीत म्हणत बसल्या. सर्व्हर चालू होता.

शैलाताई जबाब द्यायला यायच्या होत्या, त्या दिवशी सकाळी आवारात एक जीप शिरली. आत, मागे, टपावर, सगळीकडे माणसं. पुढच्या सीटवर पाड्याचे कारभारी, पांढरा फेटा आणि हातात काठी. आणि त्यांच्या पायाशी एक काळा बोकड.

त्यांच्याकडची रीत अशी, की आपल्यातल्या कोणाकडून दुसऱ्याचं वाकडं झालं तर वाट बघायची नाही. पंचांना घेऊन त्या माणसाच्या दारात जायचं. केलेलं सगळ्यांसमोर, काही न लपवता बोलायचं. तो मानेल तशी भरपाई ठरवायची. मग बोकड कापून दोन्ही बाजूंनी एकत्र जेवायचं. जेवण झालं की प्रकरण मिटलं, पुन्हा कोणी काढायचं नाही. याला भांजगड म्हणतात. आणि जेवण होत नाही तोवर तो माणूस गावाच्या पंगतीत बसत नाही. दित्याला न्यायालयाने सोडलं असतं तरी पाड्यावर तो ताट घेऊन बाजूलाच बसला असता.

“ती म्हातारी आज येणार असं कळलं,” कारभारी म्हणाले. “अकोल्याला जायचं भाडं वाचलं. कुठे बसायचं?”

नेमक्या त्याच दिवशी कुठल्याशा वरिष्ठांच्या भेटीसाठी फाटकावर झेंडूच्या माळांची कमान उभारली होती. बोकड उतरला आणि कमानीला लागला. साहेब खोलीतून बाहेर आले तोवर ‘स्वागतम्’चा डावा खांब उघडा पडला होता.

“मॅडम! हे पोलीस ठाणं आहे का जत्रा?”

“कुंपणापलीकडे लिंबाचं झाड आहे, साहेब. ते ठाण्यात येत नाही. तिथे बसवते त्यांना.”

“आणि हा प्राणी?”

“तो हद्दीत आलाय खरा,” मॅडम म्हणाल्या, आणि शिपायाला दोरी आणायला पाठवलं.

शैलाताई आल्या. बारीक, ताठ बाई. त्यांना पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून एक गोष्ट डाचत होती. “मी त्या माणसाला सर म्हणत होते,” त्या मॅडमना म्हणाल्या. “तो स्नानाला जायची परवानगी द्यायचा आणि मी थँक यू सर म्हणायचे. चाळीस माणसांचा वॉर्ड सांभाळलेली बाई मी.” मॅडमनी त्यांना चहा दिला आणि सरळ विचारलं, भांजगडीला बसाल का? कायद्याने बसायची सक्ती नाही, आणि बसलात म्हणून तुमची तक्रार कमी होत नाही. शैलाताईंनी विचारलं, “मला तिथे काही करावं लागेल?” मॅडम म्हणाल्या, “ऐकावं लागेल.”

बेड्यांसकट दित्याला लिंबाखाली आणलं. एक हवालदार मोबाइलवर चित्रीकरण करत होता, मॅडम वहीत लिहीत होत्या. कारभाऱ्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि पावरी बोलीत काही म्हणाले. आणि दोन दिवस हो-हो करणारा तो माणूस बोलू लागला. मॅडमना पावरी बरीच समजायची. शैलाताईंना त्या मराठीत सांगत होत्या.

ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाकडे एक शिकलेला माणूस यायचा. सरकारी योजना येणार आहे, नवीन खातं काढा, कार्ड माझ्याकडे ठेवा, कामावर असताना तुमच्याकडून हरवेल. त्याने सगळ्यांचे अंगठे घेतले. बदल्यात प्रत्येकाला एक ब्लँकेट दिलं. दित्या एवढं बोलून थांबला. मग मागून एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, ब्लँकेट मीही घेतलं. मग तिचा दीर उभा राहिला. मग एक म्हातारा. भांजगडीत लपवायचं नसतं, म्हणून एकेक करत निम्मी जीप उभी राहिली, आणि प्रत्येकाने त्या माणसाचं थोडं थोडं वर्णन केलं. गाडीचा रंग, बोलण्याची ढब, शहाद्याकडचा असावा हा अंदाज. आणि पांढरेशुभ्र बूट. फडातल्या चिखलात येतानाही तो पायात पिशव्या बांधून येई, पण बूट बदलत नसे.

कोठडीत एकाने जे सांगितलं नाही, ते झाडाखाली सगळ्यांनी मिळून सांगितलं. मॅडमनी त्यानंतर एकेकाला आत बोलावून रीतसर जबाब घेतले.

उठण्याआधी शैलाताईंनी दित्याला विचारलं, “तुला माहीत होतं का रे, माझे पैसे आहेत ते?”

“नाही, माय,” तो मराठीत म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, “माहीत असतं तर खातं दिलं नसतं का, ते मला सांगता नाही येत. थंडी होती.”

शैलाताईंनी मान हलवली. मला वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात त्यांच्याशी खरं बोललेला तो पहिला माणूस होता.

बोकड मात्र राहिला. ठाण्याजवळ कापू देणं मॅडमना शक्य नव्हतं, शैलाताईंना परतीची गाडी गाठायची होती, आणि कारभारी आणलेला बोकड परत न्यायला तयार नव्हते. तसं केलं तर भांजगड मोडली असा अर्थ होतो. म्हणून तो मागच्या आवारात, जप्त केलेल्या मोटारसायकलींमध्ये बांधला गेला. शिपाई त्याला म्होरक्या म्हणू लागले. साहेबांसमोर नाही.

पांढऱ्या बुटांचा माणूस सुरतेत सापडला. प्रशांत नाव, शहाद्याकडच्या कळसाडीचा. बापाची बागायती जमीन, ऊस, कापूस, घरात कशाची ददात नाही. मुलगा संगणकाचा पदवीधर. मॅडमनी पेन खाली ठेवून दुसरा प्रश्न विचारला.

“पगार,” तो म्हणाला.

“कोणाचा?”

“माझाच. बाबांना सांगितलंय मी पुण्याला कंपनीत आहे. दर महिन्याला पाठवावा लागतो.”

“त्यांना गरज आहे त्याची?”

“नाही. ते मोडतपण नाहीत. चावडीवर सांगतात फक्त.”

कंपनी खरी होती. काही महिने तो तिथे होता, मग काढून टाकलं. घरी सांगवेना. पुढचा पगार कुठून तरी आणायला हवा होता, आणि आणून देणारा माणूस मोबाइलवर भेटला. त्या माणसाचं तोंड प्रशांतने कधी पाहिलं नव्हतं. तो कुठल्या देशात बसतो ते आजही कळलेलं नाही. पोस्टरवरचा टोपीवाला बहुधा तोच.

बापाला मॅडमनी स्वतः फोन करून ठाण्यात बोलावलं. धिप्पाड माणूस, धोतर, डोक्याला टोपी. चोरी, फसवणूक, अकोल्याची बाई, सगळं त्याने ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, “मंग तो कंपनीमा नही शे?”

“नही, दादा.”

“बूट तं कंपनीनाच व्हतात ना?”

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. त्या म्हणाल्या, “बसा, चहा घ्या.” तो बसला. चहा त्याने घेतला नाही. प्रशांतलाही मॅडमनी सगळी कलमं लावली, आणि खुर्ची सरळ करायला लावली.

दित्या साक्षीदार झाला आणि सुटला. साहेबांचं निवेदन मागे घेण्याचा प्रश्न नव्हता, ते छापून आलेलं होतं. प्रश्न मॅडमचा होता. आवारात अनधिकृत जमाव, स्वागत कमानीचं नुकसान, आणि वरिष्ठांच्या प्रसिद्धीपत्रकाशी विसंगत तपास. शेवटचं कारण कागदावर नव्हतं. त्यांची बदली नियंत्रण कक्षात झाली, जिल्ह्याच्या ठिकाणी, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. शिपायांनी वर्गणी काढून समारंभ ठरवला, मला भाषण करायला सांगितलं, आणि त्या दिवशी मॅडम रजेवर गेल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तळोद्याच्या जीपअड्ड्यावर, त्याच दिवशी सकाळी. आधी ओळखलंच नाही, कारण गणवेश नव्हता. जांभळी साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात एक दोरी, चष्मा दोऱ्याने गळ्यात. शेजारी शैलाताई, अकोल्याहून आलेल्या. त्यांचे पैसे थोडेच परत मिळाले होते. बाकीचे मिळतील असं मॅडमनी त्यांना कधी सांगितलं नाही.

“मॅडम, तुमचा समारंभ आहे दुपारी,” मी म्हणालो.

“आमचं जेवण आहे दुपारी,” त्या म्हणाल्या. “डोंगरात.”

“ताई पण?”

“मी शाकाहारी आहे,” शैलाताई म्हणाल्या. “माझ्यासाठी भगरीचा भात करणार आहेत. पण पंगतीत मी दित्याच्या शेजारी बसायचं, असं कारभाऱ्यांनी कळवलंय. नाहीतर मिटत नाही म्हणे.”

मॅडमनी गुडघा हाताने उचलून पाय जीपमध्ये ठेवला. मी माझं लिहून ठेवलेलं वाक्य त्यांना ऐकवावं की काय, अशा विचारात होतो. गुन्हेगाराच्या मनाचा तळ वगैरे. पण जीपवाला घाई करत होता. दुपारी दित्या पंगतीत बसला, हे मला नंतर शिपायांकडून कळलं.

जीपवाल्याने म्होरक्याचं पूर्ण भाडं घेतलं. त्याला खिडकीची जागा दिली होती.